खोड क्रमांक एकेचाळीस

शनिवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला आईचा फोन आला तेव्हा नागसेनसमोरच्या पडद्यावर अकराशे चाळीस हिरव्या ओळी होत्या आणि लाल एकही नव्हती. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याला कुणाशी बोलायचंच नव्हतं. राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खालच्या झेरॉक्सवाल्याच्या यंत्राची घरघर ऐकत, त्या हिरव्या रंगाकडं नुसतं बघत बसायचं होतं. पण आईचा फोन उचलला नाही तर उचलेपर्यंत ती करत राहते, म्हणून त्यानं उचलला. मीनाबाई पेठ वडगावहून बोलत होती, आणि फोनवर भरवसा नसल्यासारखी नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होती. "आरं, शालूबाईच्या दीप्तीचं नाव लागलं न्हाय बघ पॉलिटेक्निकच्या यादीत. ऐंशी टक्के हाईत पोरगीला. आपल्यातल्याच साठ-पासष्टवाल्या लागल्यात, आनि ही ऱ्हायली. तू त्यांच्याच कॉम्प्युटरचं काम करतोस न्हवं? बघ की जरा." नागसेनच्या कपाळाला आठी पडली. गल्लीत कुणाचं काही अडलं की त्याच्या नोकरीच्या जिवावर परस्पर शब्द देऊन आई मोकळी व्हायची. "आई, यादी कॉम्प्युटर काढतोय. मी मधी हात घालत न्हाय." "हात घाल म्हणत न्हाय मी. बघ म्हणतोय. शालूबाई हितंच उभी हाय. जातीच्या दाखल्याचा नंबर सांगतो, लिवून घे. एन. बी. मग तिरकी रेघ. मग तीनशे बारा." हाताशी असलेल्या वहीच्या कडेला त्यानं ती दोन इंग्रजी अक्षरं लिहिली, तिरकी रेघ ओढली, आणि पुढचा तीन लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं. पलीकडून आई 'हॅलो, हॅलो' करत राहिली. बघतो, एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

काम होतं ते असं. शिवप्रसादची ही छोटीशी कंपनी, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षणसंस्था. संस्थेचं नाव घेण्यात अर्थ नाही. जिल्ह्यात अशा पाच-सहा आहेत आणि सगळ्यांच्या कमानी सारख्याच. शिवप्रसाद गडहिंग्लजकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी आणि गिऱ्हाइकापुढं दोन्हीची खिचडी. दोन हजार साली, कोल्हापुरात इंटरनेट म्हणजे तासावर बसायची चैन होती तेव्हा, त्यानं एकट्यानं या संस्थेच्या पॉलिटेक्निकची प्रवेशाची वेबपानं लिहिली. भाषा पीएचपी. चार वर्षांनी संस्थेच्या वरच्या मंडळींना कुणीतरी पटवलं, नवा सर्व्हर आला, त्यावर डॉटनेटचं यंत्र आलं, आणि हुकूम सुटला की आता सगळं यावरच चाललं पाहिजे. तीनशे पानं नव्यानं लिहायची म्हणजे दोन वर्षं हमाली. तेव्हा सव्वीस वर्षांचा नागसेन मान वर न करता म्हणाला होता, "अण्णा, पानं कशाला लिवायची? पानं वाचणारा लिवू." म्हणजे कंपायलर. पीएचपीतलं पान घ्यायचं, शब्द शब्द सोडवून त्याचा अर्थ लावायचा आणि तोच अर्थ डॉटनेटच्या यंत्राला कळेल अशा हुकमांत उतरवायचा. मूळ पानाला बोटही लावायचं नाही. शिवप्रसाद पोट धरून हसला होता आणि त्यानं सहा महिने दिले होते. लागली तीन वर्षं. पीएचपी मोकळीढाकळी भाषा. एका जागी आज आकडा ठेवा, उद्या अक्षरं ठेवा, तिला कसलीच हरकत नाही. डॉटनेटचं यंत्र म्हणजे कडक हेडमास्तर, तू कोण ते आधी सांग आणि मग वर्गात ये. या दोघांचा संसार लावून देता देता नागसेनच्या डोक्याला वेगळीच सवय जडली. केएमटीच्या बसमध्ये कंडक्टर बोलला की तो वाक्याच्या फांद्या करायचा, कर्ता इकडं, क्रियापद तिकडं. मागच्या वर्षी वडील, म्हणजे आप्पा, गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजी वंदना घेत होते, आई पदरात तोंड घालून बसली होती, आणि नागसेन हात जोडून, डोळे मिटून, एका पानातून दुसरं पान बोलावलं तर पहिल्यातली नावं दुसऱ्याला कशी दिसावीत याचा विचार करत होता. उत्तर सापडलं तेव्हा तो मनातल्या मनात हसला होता. याची लाज त्याला त्या दिवशी वाटली नाही. नंतर कधीतरी वाटली, तीही थोडीच.

खरी मेहनत नियमांची नव्हती. नियम पुस्तकात असतात. मेहनत होती ती खोडींची. जुन्या भाषेला कुठं कुठं कशा वाकड्या सवयी आहेत ते हुडकायचं, आणि आपलं यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याला नेमकी तीच वाकडी चाल शिकवायची. कारण तीनशे पानांतलं कुठलं पान कुठल्या वाकडेपणावर टेकून उभं असेल ते देवाला ठाऊक, आणि नागसेनचा तर देवावरही विश्वास नव्हता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण याचं काम असं होतं की जिता मेला तरी खोड राहिली पाहिजे. त्यासाठी त्यानं एक दोनशे पानी आडवी वही घातली होती. प्रत्येक खोडीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकासाठी एक चाचणी. जुनं यंत्र आणि नवं यंत्र शेजारी शेजारी चालवायची. दोघांचं उत्तर अक्षराला अक्षर जुळलं की हिरवी ओळ, नाहीतर लाल. एकेचाळिसावी खोड त्याला दोन वर्षांपूर्वी सापडली होती आणि ती सापडल्यावर तो खुर्चीतून उठून नाचला होता. आकड्याशी अक्षरांची तुलना करायची वेळ आली की ही भाषा आधी अक्षरांचा आकडा करते. सुरुवातीला आकडा दिसला तर तेवढा घेते. सुरुवातीलाच अक्षर दिसलं तर शून्य धरते. म्हणजे कुठलाही शब्द घ्या आणि विचारा, हा शून्याबरोबर आहे का, तर ती बिनदिक्कत हो म्हणणार. चाचणीसाठी एक शब्द हवा होता, त्यानं 'कोल्हापूर' टाकला. कोल्हापूर बरोबर शून्य: खरं. शिवप्रसाद खुर्चीवर मागं रेलून हसला होता. "बरोबर बोलतंय की लेका तुझं यंत्र," म्हणाला, आणि खाली उतरून दोघांनी गाड्यावर लोणी डोसा खाल्ला होता. नव्या यंत्राला तो बावळटपणा शिकवायला नागसेनला चार दिवस लागले. डॉटनेट मुळात असल्या तुलनेला तयारच होत नव्हतं. त्यानं त्याला तयार केलं.

आता त्यानं प्रवेशयादीचं पान उघडलं. तीन वर्षांत या पानावरून त्याचा कंपायलर हजार वेळा गेला असेल, पण नागसेननं ते माणसासारखं कधी वाचलं नव्हतं. ओळ हुडकायला वेळ लागला नाही. ज्याच्याकडं जातीचा दाखला नाही त्याच्या रकान्यात फॉर्म भरून घेणारा शून्य घालायचा. त्यामुळं शिवप्रसादनं लिहिलं होतं, दाखल्याचा क्रमांक शून्याबरोबर असेल तर अर्ज खुल्या यादीत टाक. सरळ, साधी ओळ. कचेऱ्यांतून येणारे दाखले बहुतेक आकड्यानंच सुरू व्हायचे आणि ते नीट जायचे. पण कुठल्याशा एका कचेरीतल्या कुण्या कारकुनाला सवय होती. नवबौद्धांच्या दाखल्यांची फाईल चटकन हाताला लागावी म्हणून तो क्रमांकाआधी एनबी लिहायचा. एन म्हणजे अक्षर. अक्षर म्हणजे शून्य. शून्य म्हणजे दाखला नाही. दाखला नाही म्हणजे दीप्ती खुल्या यादीत, जिथं अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या खाली कुणी लागत नाही. नागसेननं जुन्या अर्जांमधून एनबीनं सुरू होणारे सगळे क्रमांक मागवले. त्रेपन्न आले. त्रेपन्न पोरं-पोरी, एकाच कचेरीच्या हद्दीतली, सगळी आपल्यातली. दोन हजार एकचं सातवं नाव वाचताना त्याचे डोळे पुढं गेले आणि परत मागं आले. कुरणे निशा दादासो. एकोणऐंशी पूर्णांक सहा. खुली यादी. प्रवेश नाही.

खाली झेरॉक्सवाला कुणाला तरी दोन्ही बाजू पाहिजेत का म्हणून विचारत होता. निशा त्याची बहीण, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि तो बी.एस्सी.ला असताना त्याची गणितं शेजारी बसून वहीत डोकावून सांगायची, उत्तर नव्हे, कुठं चुकलास ते. तिला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं. त्यानंच फॉर्म भरला होता, त्यानंच दाखल्याचा क्रमांक सुवाच्य अक्षरात रकान्यात घातला होता. यादी भिंतीला लागली त्या दिवशी एका हायस्कुलात शिपाई असलेले आप्पा रजा काढून तिला घेऊन गेले. आप्पांनी यादीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं, मग दुसऱ्यांदा नेलं, मग लोक मागून ढकलायला लागले तरी तिसऱ्यांदा नेलं. हे निशानं घरी येऊन सांगितलं. संध्याकाळी जेवताना आप्पा म्हणाले, "सायबास्नी जाऊन इचारू का? कायतरी घोटाळा असंल." निशाही म्हणाली, "दादा, माझ्याहून कमी मार्काची राखीवमधनं लागलीया. कायतरी चुकलंय." आणि नागसेन, तेवीस वर्षांचा, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, हातातला घास ताटात ठेवून म्हणाला होता: "आप्पा, ती यादी माणसानं काढलेली न्हाय. कॉम्प्युटरनं काढलीया. त्याला वशिला कळत न्हाय आनि जात पण कळत न्हाय. आपल्यासाठी बरंच हाय की ते. कुठं हुज्जत घालाय जाता? हिचाच कायतरी फॉर्म चुकला असंल, न्हायतर मार्क कमी पडलं असतील." फॉर्म त्यानं स्वतः भरला होता, तरी तो असं म्हणाला. आप्पांचा त्याच्यावर फार विश्वास. घरातला पहिला शिकलेला. त्यांनी मान हलवली आणि ताक मागितलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते वाक्य आवडलं होतं. शाळेत तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून गुण देणारे मास्तर त्यानं बघितले होते, आणि यंत्राजवळ बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं वाटलं होतं की समोरचा आपल्याकडं नाक मुरडून बघत नाही. तो विश्वास त्यानं बहिणीच्या ताटात वाढला. दोन वर्षांनी निशाचं लग्न झालं, वारणानगरला दूधसंघात पॅकिंगला असलेल्या संग्रामशी. पोरगा चांगला. तक्रार करावी असं काही नव्हतं, हीच एक तक्रार.

शिवप्रसाद बारा वाजता आला, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, हातात पेढ्यांचा पुडा. संस्थेची माणसं चार वाजता येणार होती. जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून ताडून बघायची, सह्या करायच्या, सर्व्हरच्या सगळ्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, त्यांच्या हवाली करायच्या. त्यानंतर त्या पानांना कंपनीतल्या कुणाला हात लावता येणार नव्हता. सोमवारची दुसरी यादी नागसेनच्या कंपायलरवर निघणार होती. नागसेननं त्याला खुर्चीत बसवलं आणि एकेक गोष्ट दाखवली. शिवप्रसादनं पेढ्यांचा पुडा हळूच टेबलावर ठेवला. "माझी चूक हाय, तम्मा," तो म्हणाला; कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "ती ओळ मीच लिवलीया. त्या टायमाला एनबी-बिनबी कुणाला ठाऊक हुतं?" "मग बदलूया. शून्याला दोन बाजूंनी अवतरणाची दोन चिन्हं घातली की ते आकडा ऱ्हात न्हाय, अक्षर हुतंय. मिनिटाचं काम." "काम मिनिटाचं हाय रे. आपण संस्थेला लिवून काय दिलंय? तुमच्या पानातली एक ओळ पण बदलणार न्हाय. तेच तर आपलं नाक हाय. एक बदलली की का बदलली म्हणून इचारतील. मग सात वर्षांच्या याद्या बाहेर. मग पेपर, मोर्चा, कोर्ट. संस्था हात वर करणार आनि आपल्याला पुढं ढकलणार. मग तुझा कंपायलर कोण बघतोय?" "अण्णा, त्रेपन्न पोरं हाईत. त्यात माझी बहीण हाय." शिवप्रसादचे डोळे खरोखर भरून आले; माणूस वाईट नव्हता, आणि तेच अवघड होतं. त्यानं उठून नागसेनच्या खांद्यावर हात ठेवला. "आरं, हे तवाच सांगायचं न्हाईस का मला? मी हातानं नाव घातलं असतं की तिचं." नागसेननं दीप्तीचं विचारलं. "आता हातानं घालता येतंय व्हय? तूच सगळं काटेकोर केलंस. बिडो, तम्मा. सोड. तुझं यंत्र चुकलंय का? न्हाय. भाषा सांगती तसंच ते करतंय का? करतंय. मग तू कशाला रडतोस? रडायचं तर मी रडाय पायजे." आणि तो जेवायला घरी गेला.

एक ते चार खोलीत नागसेन एकटा होता. शिवप्रसादनं दार बाहेरून लावलं नव्हतं, कुणी त्याचा हात धरला नव्हता, हे पुढं त्याला नीट आठवत राहिलं. तो विचार करत होता की नेमकं कुणी केलं हे. कारकुनानं फाईल सापडावी म्हणून दोन अक्षरं लिहिली. फॉर्मवाल्यानं रिकामा रकाना बरा दिसत नाही म्हणून शून्य घातला. शिवप्रसादनं शून्य आहे का विचारलं. भाषा घडवणाऱ्यानं सात समुद्रांपलीकडं बसून लोकांची सोय व्हावी म्हणून अक्षरांचा आकडा केला. एकाच्याही मनात पाप नव्हतं, आणि त्रेपन्न घरांत भाकरीच्या वेळी कुणीतरी कुणाला सांगितलं की तुझंच काहीतरी चुकलं असेल. बाकी चौघांना निदान ठाऊक नव्हतं. पाचव्याला ही खोड ठाऊक होती. त्यानं तिला क्रमांक दिला होता, ती नव्या यंत्रात जिवंत राहावी म्हणून चार दिवस घासले होते आणि वर डोसा खाल्ला होता. दोन वाजता त्यानं पान उघडलं आणि ती दोन चिन्हं घातली. मग सवयीनं चाचण्या चालवल्या. ओळी वरून खाली पडायला लागल्या, हिरवी, हिरवी, हिरवी, आणि नऊशेच्या पुढं कुठंतरी एक लाल आली. मागच्या वर्षीची यादी, जुनी आणि नवी: फरक नऊ नावांचा. फरक असणारच होता; त्या नऊ जणांसाठीच तर चिन्हं घातली होती. तरी त्याला ती लाल ओळ बघवेना. तीन वर्षं सकाळी उठल्यापासून त्यानं याच रंगाशी झुंज दिली होती. लाल म्हणजे चूक, हे त्याच्या हाडात मुरलं होतं, आणि आता पोटात तेच जुनं काहीतरी गोळा होऊन येत होतं. नऊ नावं त्यानं वाचली. एकही चेहरा डोळ्यांसमोर आला नाही. लाल ओळ मात्र चांगली ठसठशीत दिसत होती. त्याला वाटलं, चार वाजता ते लोक येतील आणि हीच एक ओळ बघतील. अकराशे एकोणचाळीस हिरव्यांकडं कुणी बघणार नाही. त्याला वाटलं, पुण्याच्या एका कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात कंपायलर बघायला येणार आहेत. त्याला असंही वाटलं की हे सगळं वाटणं नीच आहे, आणि वाटून झाल्यावर त्यानं ती दोन चिन्हं पुसली. सगळं परत हिरवं झालं. पोटातला गोळा विरघळला आणि क्षणभर त्याला चक्क बरं वाटलं. आयुष्यात स्वतःविषयी इतकी स्वच्छ माहिती त्याला दुसऱ्या कशातून मिळाली नव्हती.

चार वाजता माणसं आली. याद्या अक्षराला अक्षर जुळल्या. त्यांच्यातला एक चष्मेवाला प्राध्यापक होता, त्यानं पाठ थोपटून म्हटलं, "वा! जुन्यात आणि नव्यात काहीच फरक नाही." सह्या झाल्या. शिवप्रसादनं चाव्यांचं पाकीट दिलं, नागसेनकडं न बघता पेढे फिरवले. नागसेननं एक खाल्ला.

रविवारी तो वारणानगरला गेला. का गेला, हे त्याला वाठारला एसटी महामार्ग सोडून आत वळेपर्यंत स्वतःला सांगता आलं नाही. तिला खरं सांगायचं, एवढं ठरलं होतं. तिनं चिडावं, रडावं, दोन शिव्या द्याव्यात, आणि मग मोठा भाऊ म्हणून माफ करावं. थोडक्यात, ओझं अर्धं तिच्या डोक्यावर देऊन यावं, असा तो हिशेबी कढ होता. वडगावचा फाटा मागं पडला तेव्हा त्यानं त्या बाजूला बघितलं नाही. कामगारांच्या वसाहतीत निशाचं घर तळमजल्यावर होतं. साखर कारखान्याचा हंगाम संपून दोन महिने झाले तरी हवेत मळीचा वास होता. संग्राम ड्युटीवर गेलेला, तिची तीन वर्षांची पोरगी आत झोपलेली. निशा दारात शेंगा फोडत बसली होती. "दादा! न सांगता कसा काय आलायस? आई बरी हाय न्हवं?" तिनं पाट दिला, पाणी दिलं. गॅसवाल्याची चिठ्ठी भिंतीला टोचली होती, त्यावर संग्रामच्या अक्षरात बेरीज केलेली. निशा अलीकडं साधी बेरीजसुद्धा नवऱ्याकडून करून घ्यायची. आईनं एकदा हसत सांगितलं होतं आणि नागसेनही हसला होता.

त्यानं सांगितलं. खाली बघत, सोपं करून, कारकुनाची अक्षरं, शून्य, ती ओळ. आधी तिला नीट कळलं नाही. मग तिनं एक शेंग हातात धरून विचारलं, "म्हंजे ज्याच्या दाखल्याला म्होरं अक्षर, त्याला दाखलाच न्हाय असं धरलं?" "व्हय." "म्हंजे माझा फॉर्म बरोबर हुता." "बरोबर हुता." "आनि मार्क पण पुरत हुते." "पुरत हुते. तू तिसरी लागली असतीस." शेंगा तशाच सुपात ठेवून ती भिंतीला टेकून बसली. नागसेन शिव्यांची वाट बघत होता. "दादा," ती म्हणाली, "सा वर्सं झाली. मला वाटायचं, शाळेत मार्क चुकून पडलं असतील. मास्तरांनी लाडानं दिलं असतील. खरं काय ते यादीनं दाखवलं. मग मी हिशेब करायचाच सोडला. डोक्यात उत्तर आलं तरी वाटायचं, चुकलेलंच असणार." आणि ती हसली. तिचं हसणं त्याला सहन होईना, कारण ते खरं होतं. चेहरा उजळला होता तिचा, दहावीतल्या पोरीसारखा. "म्हंजे मी ढ नव्हतो रे!" नागसेन म्हणाला, नव्हतीस. आता चिडेल, आता विचारेल की मग त्या रात्री जेवताना तू काय म्हणाला होतास. तिनं ते विचारलं नाही. ती ते विसरली नव्हती, हे त्याला स्पष्ट दिसलं; तिनं फक्त बाजूला ठेवलं, जसं पाहुण्यासमोर घरातलं भांडण बाजूला ठेवतात. तिनं दुसरंच विचारलं. "परवा आई सांगत हुती, शालूमावशीच्या दीप्तीचं पण असंच झालंय. तिचा दाखला त्याच कचेरीतला असंल की!"

"व्हय."

"मग तू आता ते दुरुस्त केलंस न्हवं?"

रस्त्यावरून दुधाचा एक टँकर गेला, दाराची कडी थोडी वाजली. ती त्याच्याकडं बघत होती. लहानपणी गणित सोडवताना बघायची तशी नव्हे. तेव्हा ती चूक शोधायची. आता शोधत नव्हती. तिला सगळं मिळालं होतं, उरलं होतं ते फक्त याच्या तोंडून ऐकायचं. नाही म्हणायला एकच अक्षर पुरलं असतं, आणि नाही म्हटल्यावर का नाही हे सांगावं लागलं असतं; लाल ओळ, हिरवी ओळ, पोटातला गोळा. ते जगातल्या कुठल्याच भाषेत तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"केलं," नागसेन म्हणाला.

"उद्याच्या यादीत लागंल तिचं नाव?"

"लागंल."

"थांब मग," म्हणत ती उठली, पदराला हात पुसून तिनं कोनाड्यातला मोबाईल घेतला, आणि तो काही बोलायच्या आत वडगावला फोन लावला. "आई, भिताडावरनं शालूमावशीला हाक मार. लवकर. दादा आलाय हितं." पलीकडं आईनं मारलेली हाक या खोलीपर्यंत ऐकू आली. मग धावपळ, भांड्याचा आवाज, धाप. "मावशी, काय काळजी करू नगा. यंत्रातच खोट हुती. दादानं सोताच्या हातानं नीट केलीया. उद्या लागतंय दीप्तीचं नाव." त्या टोकाला शालूबाईचा मोठा, रडवा, हसरा आवाज, आणि मागून आईचा, 'सांगितलं नव्हतं का मी, नागसेन बघंल म्हणून.' निशानं फोन त्याच्यापुढं धरला. "घे. तुझ्यासंगं बोलायचं म्हणत्यात."

त्यानं फोन कानाला लावला. "बाळा," शालूबाई म्हणाली, "तुझं लई उपकार झालं बघ. तुझ्या आप्पाचं नाव काढलंस. उद्या पैल्या गाडीनं पोरगीला घेऊन येतो आम्ही, यादी बघाय. येऊ न्हवं?"

"या," नागसेन म्हणाला.